फोनचा चार्ज आणि कार्डाचा 'चाजी'
जपानीत आलेल्या इंग्रजी शब्दांबद्दल कुणीतरी म्हटलंय की जपान्यांनी 'क्याश्शुरेसु' म्हणजे आपलं कॅशलेस जसंच्या तसं उचललं, अर्थही तोच. या शब्दापुरतं पटतंय, पण सगळ्याच शब्दांना ते लावू नका. 'चाजी' घ्या. मूळ इंग्रजी चार्ज, पण जपानीत रोजच्या वापरात त्याचा अर्थ कार्डात किंवा ॲपमध्ये पैसे भरणं. स्टेशनवर सुइका कार्ड (रेल्वेच्या भाड्यासाठी आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, 2001 पासून आहे हे) मशीनमध्ये घातलं की बटणावर हाच शब्द, मग हजार, दोन हजार, तीन हजार येन असे आकडे, आणि कार्डात एका वेळी जास्तीत जास्त 20,000 येन मावतात. फोनच्या बॅटरीला मात्र ते 'ज्यूदेन' म्हणतात, तो त्यांचा जुना, कांजीतला म्हणजे चिनी चित्रलिपीतून आलेल्या अक्षरांतला शब्द.

मी तोक्योत नवीन असताना कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, बंद पडत आलेला फोन पुढे करून 'चाजी ओनेगाइशिमास', म्हणजे 'चार्ज करून द्या', म्हटलं, तर काउंटरवरच्या मुलीने शांतपणे कार्ड ठेवायच्या जागेकडे हात दाखवून विचारलं, किती येन? तेव्हा लख्ख कळलं की शब्द इंग्रजी असला तरी तो आता त्यांचाच झालाय. म्हणून जपानी शिकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, काताकानातला, म्हणजे परकीय शब्द लिहायच्या जपानी लिपीतला, शब्द ओळखीचा वाटला तरी तो लोक कुठे आणि कशासाठी वापरतात ते आधी बघा. आणि चाजीबरोबर 'झान्दाका' पण पाठ करा, म्हणजे शिल्लक, स्टेशनच्या गेटवर कार्ड अडलं की बहुतेक वेळा तीच कमी पडलेली असते.