सपाटीवर ठोके १७०, घाट चढताना १४८. असं का?

प्रश्न

नमस्कार. मी साताऱ्याची, वय ४७, चौदा महिने झाले पळतेय. सातारा हिल हाफ मॅरेथॉन एकदा तरी पळायचीच आहे, म्हणून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

पहाटे साडेपाचला निघते. पहिली दहा मिनिटं सपाट रस्ता, किलोमीटरला आठ मिनिटं, म्हणजे बोलत बोलत पळता येईल इतकं सावकाश. तरी दुसऱ्याच मिनिटाला घड्याळ १६८-१७० दाखवतं. नवव्या-दहाव्या मिनिटाला झपकन १३५. पुढे यवतेश्वरचा घाट लागतो, चांगली धाप लागते, तेव्हा १४८! २२० वजा वय धरलं तर माझी मर्यादा १७३. थंडी पडल्यापासून हे रोजचं झालंय. छातीत दुखणं, चक्कर, काही नाही. पण भीतीपोटी आता पहिली दहा मिनिटं चालतेच. काय करू?

उत्तर १

ताई, त्याच दिवसाचा पावलांचा आलेख उघडा. मिनिटाला १६८-१७० पावलं दिसली, तर घड्याळ ठोके नाही, पावलं मोजतंय. मनगटावरचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची स्पंदनं टिपतो. थंडीत हातातल्या रक्तवाहिन्या आकसतात, स्पंदन क्षीण होतं, आणि हात हलण्याची लय त्याहून ठळक पडते. अंग तापलं की आकडा जागेवर येतो. तुमची दहा मिनिटं तीच.

मला शंका येते ती आकड्याच्या दिशेवरून. बसल्या जागी व्हेगस मज्जातंतू हृदयाला लगाम घालून असतो. पळायला लागताच तो लगाम ढिला पडतो, म्हणून पहिल्या काही सेकंदांत ठोके पटकन वाढतात. पुढची वाढ सिम्पथेटिक मज्जातंतू आणि अॅड्रेनलिन करतात, ती सावकाश. हलक्या, एकसारख्या वेगात दोन-चार मिनिटांत आकडा स्थिरावतो. त्यानंतर तो वाढलाच तर घामाने, उन्हाने हळूहळू वाढतो. वेग तोच असताना १७० वरून एका झटक्यात १३५, आणि चढावर सपाटीपेक्षा कमी, हे अशा हृदयाचं वागणं नाही.

घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधा. आकडा १७० दिसला की थांबा आणि लगेच गळ्याशी नाडी मोजा. दहाच सेकंद, मग गुणिले सहा. मिनिटभर मोजत बसलात तर तेवढ्यात ठोके उतरतात.

उत्तर २

वरचं पटतं, पण एक गोष्ट सोडू नका. काहींचे ठोके खरोखरच एकदम १८०-२०० ला जातात आणि तितक्याच अचानक खाली येतात. तो हृदयाच्या लयीतला बिघाड असू शकतो. हाताने मोजूनही आकडा तेवढाच आला, किंवा धडधड, चक्कर, छातीत दडपण जाणवलं, तर पळणं थांबवून ईसीजी काढा. आणि २२० वजा वय हा सरासरीचा ठोकताळा आहे. खरी मर्यादा दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असते.

प्रश्नकर्तीचं उत्तर

चार दिवस थांबून लिहितेय, कारण नीट बघायचं होतं.

पहिल्या दिवशी घड्याळावर १६९ दिसले तशी दिव्याच्या खांबाला टेकून मोजलं. दहा सेकंदांत २२. म्हणजे १३२! खात्री होईना, थोडं पळून परत मोजलं. पुन्हा २२. घरी येऊन आलेख लावला, तर पावलं १६८ ते १७०. दोन्ही रेषा एकमेकींवर चिकटलेल्या, नवव्या मिनिटाला फुटलेल्या. घड्याळ दोन बांगड्यांच्या मध्ये सैल बसायचं, तेही आत्ता लक्षात आलं.

मग मैत्रिणीचा छातीचा पट्टा आणला. पहिल्या दिवशी कोरडाच बांधला, तर त्यानेही मधेच १९० दाखवले, आणि काळजात धस्स झालं. काल पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करून बांधली. निघताना ८८, पहिल्या मिनिटाला ११७, तिसऱ्याला १३१, आणि घाट लागेपर्यंत १३१-१३५. घाटात १५६.

ईसीजी काढून घेणार आहे, घरच्यांनाही तेच हवंय. पण आज पहिल्या मिनिटापासून पळले.

उत्तर १

पट्टा ओला केलात हे उत्तम. अंग तापून घाम सुटेपर्यंत कोरडा पट्टा असाच उड्या मारतो. घाटातले १५६ आता खरे धरा. चढाचा सराव त्याच आकड्यावरून लावा, जुन्या १४८ वरून नको.