कार्टूनमधल्या जाहिराती आणि मुलांचा हट्ट: घरात नेमकं काय करता येतं?

गोदाकाठची_आई
मुलं ५ आणि ९ वर्षांची. संध्याकाळी कार्टून, रात्री ८ ला आजीबरोबर मालिका. कॉलेज रोडला किराणा घ्यायला गेलं की जाहिरातीतलाच दुधात घालायच्या पावडरीचा डबा आणि त्याच चिप्स हव्यात. 'टीव्ही विकून टाका' हा सल्ला कृपया नको. लॉक, नियम, तक्रार यातलं काय खरंच चालतं?

सिडको_सेटटॉप
लॉकपासून सुरू करा. सेटटॉप बॉक्सचा मेनू, सेटिंग, पॅरेंटल लॉक. पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो, तो आधी बदला. ९ वर्षांचं पोर तो लगेच शोधतं. वयानुसार लॉक लावून उपयोग नाही, कार्टून तर सगळ्याच वयांना चालतं. चॅनलनुसार लावा, एक-दोन उघडे ठेवा. पैसे भरून घेतलेले चॅनल २०१९ पासून सुटेही घेता येतात, तेव्हा नको ते पॅकमधूनच काढायला केबलवाल्याला सांगा.

रेकॉर्डिंग करणारा सेटटॉप बॉक्स असेल तर आणखी सोपं. तासाला जाहिरातींची मर्यादा १० मिनिटं आणि चॅनलच्या स्वतःच्या २, एकूण १२. रेकॉर्डिंग लावून पंधरा मिनिटं उशिरा बघायला बसा, सगळे ब्रेक पळवता येतात.

ग्राहक_पंचवटी
वरचं सगळं कार्टूनपुरतं ठीक. खरी गळती ८ च्या मालिकेत आहे, ताई. ९ जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिप्स, कोल्ड्रिंक वगैरेंची जाहिरात मुलांच्या चॅनलवर किंवा मुलांच्या कार्यक्रमात दाखवायची नाही. पण मालिका आणि क्रिकेट 'मुलांचे कार्यक्रम' नाहीत, म्हणून तिथे तीच जाहिरात बिनदिक्कत लागते. तिथे लॉक काय करणार? आजीच्या हातात रिमोट द्या आणि ब्रेक लागला की म्यूट. निम्मी जादू त्या गाण्यात असते.

काही गोष्टी मात्र कुठल्याही वेळी चालत नाहीत. 'आईबाबांना घ्यायला सांग' असं मुलांना थेट म्हणणं, हे न घेणारं मूल कमी दर्जाचं दाखवणं, शास्त्रीय आधार नसताना आरोग्याचा दावा करणं. जाहिरातीखालची बारीक अक्षरातली खुलाशाची ओळही दाव्याच्याच भाषेत हवी. दावा मराठीत आणि ओळ इंग्रजीत, तर तोही तक्रारीचा मुद्दा.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर. चॅनल, तारीख, वेळ, उत्पादन लिहा, मोबाइलवर जाहिरात टिपून ठेवा. 'मुलं बिघडतात' एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. नेमकं वाक्य उतरवा. दिशाभूल सिद्ध झाली तर दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत.

इंदिरानगर_आहार
पावडरीच्या डब्याबद्दल. पुढची बाजू बघू नका, उलटा करून 'ॲडेड शुगर'ची ओळ शोधा. १०० ग्रॅमला ३२ लिहिलं असेल तर २० ग्रॅम पावडरीत ६.४ ग्रॅम साखर, म्हणजे दीड चमचा. वर आपण दुधात घालतो ती वेगळी. ९ वर्षांच्याला हा हिशेब दुकानातच करायला द्या. ५ वर्षांच्याला नको: साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जाहिरात आपल्याला काहीतरी विकतेय हेच मुलांना उमगत नाही, मग समजावून काय होणार! त्याच्यासाठी म्यूट आणि वेळ, एवढंच. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा २ ते ५ वर्षांना दिवसाला १ तास, ५ ते १० ना २ तासांहून कमी. मोबाइलही त्यातच धरायचा.

गोदाकाठची_आई
आजीला म्यूटचं बटण दाखवलं. मालिकेतलं पार्श्वसंगीतही त्या बंद करतायत.