हातात स्टिअरिंग आल्यावर

ए-१०२ : सोसायटीच्या गटावरील सर्वांना नमस्कार. उन्हाळ्याच्या सुटीसाठी प्लेस्टेशनला (टीव्हीवर खेळ खेळायच्या यंत्राला) जोडायचे स्टिअरिंग घ्यावे, असा आमच्या चिरंजीवांचा आग्रह आहे. बी-४०३ या सदनिकेतील दादांकडे ते आहे, असे समजले. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ यंत्रासोबतच्या साध्या, हातात धरायच्या कंट्रोलरवर चालत असताना स्टिअरिंगवर एवढा खर्च करण्याजोगे काय आहे, हे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

बी-४०३ : ताई, नमस्कार. साध्या कंट्रोलरवर अंगठ्याने एक छोटी काडी डावीकडे-उजवीकडे ढकलायची असते. तिचा पल्ला इतका तोकडा असतो, की गाडी नेमकी किती वळवायची याचा बराचसा निर्णय खेळच आपल्या वतीने घेतो. माझ्याकडे लॉजिटेक कंपनीचे जी-२९ हे स्टिअरिंग आहे. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे पूर्ण अडीच फेरे फिरते, त्यामुळे मनगटाची लहानशी हालचालसुद्धा गाडीपर्यंत पोहोचते.

तरीही माझ्या मते खरा आनंद स्टिअरिंग फिरवण्यात नसून ते आपल्या हाताला उलट जो जोर देते, त्यात आहे. त्याच्या आत दोन मोटारी असतात. वेगात वळण घेताना ते जड होते, कडेच्या रंगीत पट्टीवर चाक चढले की थरथरते, आणि पुढच्या चाकांची पकड सुटू लागली की एकाएकी हलके पडते. हे हलके पडणे ओळखता येऊ लागले की खेळाचे स्वरूपच पालटते, कारण गाडी वळणाबाहेर सरकत असल्याचे पडद्यावर दिसण्याआधी तळहाताला कळलेले असते आणि तेवढ्या क्षणभरात वेग कमी करून तिला सावरता येते.

सी-२०१ : आपण कोणता खेळ खेळता? त्यात मारधाड किंवा अपघातांची दृश्ये असतात काय?

बी-४०३ : ग्रान टुरिस्मो ७. हा खेळ ४ मार्च २०२२ रोजी आला. मालिकेची सुरुवात मात्र १९९७ साली जपानमध्ये काझुनोरी यामाउची यांनी केली. त्यात मारधाड नाही. मला त्यातील परवान्याच्या परीक्षा फार आवडतात. सुरुवातीच्या परीक्षेत गाडी वेगात नेऊन फक्त आखलेल्या जागेत थांबवायची असते, आणि पुढे एकेका वळणाची स्वतंत्र परीक्षा होते. मुलांनी थेट शर्यतीत न उतरता आधी याच परीक्षा द्याव्यात, असे मी आग्रहाने सुचवतो.

त्यानंतर खेळातील जपानमधील सुझुकाचा शर्यतीचा मार्ग घ्यावा. ५.८०७ किलोमीटरचा हा मार्ग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा स्वतःलाच पुलावरून ओलांडतो. सुरुवातीला लागोपाठ डावी-उजवी वळणे येतात. त्यांत पहिल्या वळणाला थोडा जरी उशीर झाला, तरी पुढची सगळी वळणे बिघडत जातात. पडद्यावर समोरची वळणे दिसत असूनही नजर त्यांच्या पलीकडे ठेवावी लागते. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना मार्ग १९२७ सालचा असून तो पाठ व्हायलाच खूप वेळ लागतो, तेव्हा तो सर्वांत शेवटी घ्यावा.

ए-३०१ : मी एस.टी.मध्ये चालक होतो, त्यामुळे दादांनी मला गेल्या रविवारी मुद्दाम बसवून पाहिले. स्टिअरिंगचा जोर मला पटला. वळण संपल्यावर ते आपोआप सरळ होऊ पाहते आणि त्याला हातातून हळूच सरकू द्यावे लागते, हे अगदी खऱ्या गाडीसारखे आहे. परंतु गाडीचा तोल चालकाला आधी बैठकीतून कळतो. तुळजापूरच्या घाटात उतरताना मागचा भार पुढे येतोय, हे पाठ आणि मांड्या सांगतात. खुर्चीवर बसून ते कळत नाही. म्हणून ब्रेक किती दाबला याचा अंदाज मला प्रथम लागेना.

बी-४०३ : काका, आपले निरीक्षण अचूक आहे. स्टिअरिंगसोबतच्या या संचात ब्रेकच्या पायपट्टीखाली (पेडलखाली) रबराचा गोळा असल्याने ती मुद्दामच कठीण ठेवली आहे, आणि पायाला लागणाऱ्या जोरावरूनच अंदाज बांधायचा असतो. आधी सरळ रेषेत जोरात ब्रेक, मग तो हळूहळू सोडत वळणात शिरणे, ही सवय लागली की फेरीचा वेळ आपोआप सुधारतो. काकांनी चौथ्या वळणापासूनच तसे केले, हे मी स्वतः पाहिले आहे.

सी-२०१ : मग यामुळे मुले गाडी चालवायला शिकतील काय?

ए-३०१ : ताई, हात-पायांचा मेळ आणि लांब नजर ठेवण्याची सवय लागेल. रस्ता त्यातून शिकता येत नाही. सात रस्त्याच्या चौकात मध्येच येणारी रिक्षा त्या खेळात नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना हाती येईपर्यंत गाडीची किल्ली देऊ नये.

बी-३०३ : एक विनंती आहे. पायपट्टीचा धपधप आवाज रात्री आमच्या खोलीत उतरतो.

बी-४०३ : काका, रात्री नऊनंतर खेळ बंद राहील. पायपट्ट्यांखाली आता दुहेरी घडीची सोलापुरी चादर आणि तिच्यावर जाड सतरंजी घातली आहे. पायपट्ट्यांच्या तळाला कापडात रुतणारे दाते असल्यामुळे गुळगुळीत फरशीपेक्षा सतरंजीवर त्या घट्ट बसतात. दातेरी चक्रांची घरघर मात्र या संचात राहतेच. पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारी स्टिअरिंग अधिक शांत असतात, आणि ज्यांत मोटार थेट स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेली असते ती सर्वांत उत्तम. पण त्यांची किंमत पुष्कळ वाढते आणि पहिल्या खरेदीला त्यांची गरज नाही.

ए-१०२ : खरेदी करताना कोणती काळजी घ्यावी?

बी-४०३ : सर्वांत आधी आपले खेळाचे यंत्र कोणते ते पाहावे. जी-२९ प्लेस्टेशनला चालते, एक्सबॉक्स या दुसऱ्या यंत्राला नाही. त्यासाठी जी-९२० हा वेगळा संच आहे. क्लचची पायपट्टी सोबत येते, परंतु गिअरचा दांडा वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलता येत असल्याने तो पुढे घेतला तरी चालेल. टेबल जड असावे. चाकांची खुर्ची वापरू नये, कारण ब्रेक दाबताच ती मागे सरकते. साधी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी.

आपण चिरंजीवांना रविवारी सकाळी दहा वाजता घेऊन यावे. त्यांना एखादी साधी, कमी ताकदीची गाडी देऊन पहिल्या परीक्षेपासून बसवू. काका, आपणही यावे. ब्रेक सोडायचा कसा, हे आपण शेजारी उभे राहून सांगितलेत तर त्यांना लवकर समजेल.

ए-३०१ : येतो. मुलाने जाड तळव्याचे बूट घालू नयेत, पायाला पट्टी कळली पाहिजे.