तोंडओळखीची माणसं
'मोबाईल आला आणि माणसं एकटी पडली' हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. माझे वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता, तरी ६ महिन्यांत ते मिटून गेले. नौपाड्यातलं आमचं घर भरलेलं होतं, नातवंडं होती. सुटला होता तो ठाणे लोकलमधला ग्रुप. निम्म्यांची आडनावंही त्यांना माहीत नव्हती. पण कोणाच्या मुलीची बारावी आहे, दसऱ्याला डब्यासाठी हार कोण आणणार, हे पक्कं ठाऊक असायचं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये अशा सैल ओळखींचं महत्त्व मांडलं. त्याचा भर माहिती आणि नोकऱ्यांवर होता. पुढे सँडस्ट्रॉम आणि डन यांच्या २०१४च्या अभ्यासात दिसलं, की तोंडओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं त्या दिवशी लोकांना जास्त आनंदी वाटतं.

आता घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये दूध, भाजी, इस्त्रीचे कपडे सगळं दारात येतं. सोय आहेच, पण बोलण्याची निमित्तं गेली. मी तरी भाजी मुद्दाम खाली उतरून घेते.

वडिलांना शेवटी तलावपाळीच्या, म्हणजे ठाण्यातल्या तळ्याकाठच्या, बाकावरच्या गप्पांनी सावरलं. मात्र झोप आणि भूक २-३ आठवडे उडाली असेल, तर बाकावर विसंबू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. आम्हाला तेव्हा असं काही सुचलंच नव्हतं, 'निवृत्तीनंतर होतंच' म्हणून आम्ही ते महिने घालवले.