नकार द्या, पण वाट दाखवा

कुणीतरी म्हटलंय, डॉक्टरलाही मन असतं, गर्भपाताला नकार द्यायची मुभा कायद्याने द्यावी. कबूल. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यात ती आहे, पण बाईच्या जिवावर बेतलं तर नाही. ग्लासगोच्या दोन सुईणींनी गर्भपाताच्या कामात असलेल्या नर्सेसवर देखरेख करायलाही नकार दिला, तेव्हा २०१४ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, मुभा प्रत्यक्ष हाताने करायच्या कामापुरतीच. आपल्या १९७१ च्या कायद्यात असं कलमच नाही.

मी नागपूरला धंतोलीत नर्स होते तेव्हा एक डॉक्टर मॅडम नाही म्हणायच्या, पण लगेच चिठ्ठी लिहून बाईला मेडिकलला, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, पाठवायच्या. दुसरे एक सर नुसतं ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणत. अन् इकडे गरोदरपणाचा विसावा आठवडा तोंडावर! त्यानंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं, तेही ठरावीक कारणांसाठीच. मॅडमचा नकार मला चालतो, सरांचा नाही.