बॉयलरमधल्या क्लिंकरचा नमुना नक्की कुठून घ्यायचा?

वरणगावकर
मी मूळचा वरणगावचा, सध्या बाहेरच्या जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटच्या युनिटवर केमिस्ट आहे. दुसरंच वर्ष. मागच्या शटडाऊनला बॉयलरच्या तळाशी पडलेला क्लिंकर, म्हणजे राख चिकटून झालेले दगड, गोळा केला, दळला आणि लॅबला पाठवला. रिपोर्टात सिलिका, अल्युमिना, थोडं लोह. म्हणजे कोळशाची राख असते तशीच! साहेब म्हणाले, "हे तर आधीच माहीत होतं." इकडे सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांमधली जागा चार महिन्यांत परत चोंदली. पुढच्या आठवड्यात पुन्हा शटडाऊन आहे. या वेळी काय वेगळं करू?

भुसावळचा म्हातारा
साहेबांचं काही चुकलं नाही, बाळा. तळाच्या ढिगातला दगड वर कुठून सुटला, सांगता येईल तुला? भट्टीच्या भिंतीवरून, की सुपरहीटरवरून? भिंतीवर ज्वालेची झळ थेट असते, तिथे राख वितळून चिकटते. पुढे वायू थंड होत जातो, तिथे ती पुरती वितळत नाही, कण एकमेकांना धरून हळूहळू घट्ट होतात. दोन्हींवरचे उपाय वेगळे आणि तू दोन्ही एकत्र दळलेस.

घरी मांडे करायचं खापर असेल तर त्याचं बूड बघ. मातीला धरून जुनी घट्ट काजळी, वर सुटी काजळी. नळीवरही असेच थर असतात, फक्त तिथे सुटं आत आणि कडक बाहेर. नळीला लागून पांढरट, नखाने निघेल अशी बारीक पूड. त्यावर कच्च्या विटेसारखा भुसभुशीत थर. वायूच्या बाजूला काळपट, काचेसारखी साल, टिचकी मारली तर खण्ण वाजते. आपल्या कोळशात ३०-४० टक्के राख, त्यामुळे बाहेरचा थर बहुतेक वेळा तुझ्या रिपोर्टासारखाच येणार. चिकटायला सुरुवात कशामुळे झाली ते आतल्या पुडीत शोधायचं. सोडियम-पोटॅशियमची सल्फेटं असली तर तिथेच सापडतात. चिमूटभर पूड किलोभर राखेत मिसळलीस, मग रिपोर्टात काय दिसणार?

म्हणून तुकडा नळीवरून अख्खा काढ. आधी पट्टी शेजारी धरून फोटो. कितव्या मजल्यावर, डावीकडून कितवी कॉइल, नळीची पुढची बाजू की मागची, हे तिथेच उभं राहून लिही. खाली आल्यावर आठवत नाही. तुकड्यावर मार्करने नळीकडची बाजू दाखव. आतली पूड लाकडी पट्टीने वेगळ्या डब्यात. ग्राइंडर लावलास तर नळीचंच लोखंड नमुन्यात येईल. आणि धुवायचं नाही! सल्फेटं पाण्यात विरघळून जातात.

माझीही फजिती ऐक. नोकरीच्या सुरुवातीला मी नमुने सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरून आणले. रिपोर्टात कॅल्शियम भरमसाट. कोळसा बदलला की काय म्हणून आठवडाभर बैठका झाल्या. गोणी मी रात्री गुपचूप जाळली. आज पहिल्यांदा कबूल करतोय.

फिटरभाऊ यावल
काका खरं बोलताय. पण भो, आत पाय टाकायच्या आधी मान वर कर. सुपरहीटरला लटकलेला क्लिंकर गार होताना स्वतःहून सुटतो, डोक्याएवढा असतो. खालच्या मजल्यावर नमुना घेत असशील तर वर कोणी ठोकाठोक करत नाहीये ना, ते आधी विचार. परमिट, ऑक्सिजन मीटर, २४ व्होल्टचा दिवा, बाहेर एक माणूस उभा. अजून एक, पाण्याचा जेट मारणारी गँग कधी शिरणार ते आदल्या दिवशीच विचारून ठेव. ते शिरले की तुझा नमुना नाल्यात.

वरणगावकर
जेटचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद भाऊ. काका, तुलनेसाठी ईएसपीच्या (धुरातली राख विजेने पकडणाऱ्या यंत्राच्या) खालच्या हॉपरमधली राखही घेऊ का?

भुसावळचा म्हातारा
घे, पण पहिल्या फील्डची, म्हणजे धूर आधी शिरतो त्या कप्प्याची, आणि शेवटच्या फील्डची एकत्र करू नको. सगळ्यात जास्त राख पहिल्याच फील्डला पडते. शेवटची मैद्यासारखी बारीक. ढीग मोठा असला तर ज्वारीच्या राशीसारखा गोल कर, चार वाटे पाड, समोरासमोरचे दोन ठेव, दोन टाक, परत तेच. त्या दिवसांतल्या कोळशाचा नमुना आणि सूट ब्लोअर (नळ्यांवरची राख उडवणारे झोत) कधी चालले त्याची नोंदही जोड. राख वितळण्याचं तापमान लॅबला दोन्ही वातावरणांत, भरपूर ऑक्सिजनच्या आणि कमी ऑक्सिजनच्या, काढायला सांग. ऑक्सिजन कमी असेल तिथे लोहामुळे राख लवकर मऊ पडते, आणि तुझ्या बर्नरजवळ हवा कमी पडत असेल तर तोच आकडा कामाचा.

वरणगावकर
डबे कसले नेऊ? घरी प्लॅस्टिकच्या बरण्या आहेत भरपूर, घट्ट झाकणाच्या.

भुसावळचा म्हातारा
चालतील. फक्त आईच्या लोणच्याच्या नको. मीठ राहिलं असेल तर सोडियम कुठून आलं ते शोधत बसशील.