एचओ मापाच्या मॉडेल रेल्वे इंजिनाला खरा पेटणारा दिवा बसवायचाय, सल्ला हवा (बजेट ₹५००)

शहापूर_बेळगाव:
नमस्कार मंडळी. यंदा घरच्या गणपतीच्या आराशीत लोंडा स्टेशन करतोय. पुठ्ठ्याचा फलाट, पाण्याची टाकी, मागं घाटाचा पडदा. गाडी एचओ मापाची (खऱ्या रेल्वेच्या १:८७), कंट्रोलर साधा १२ व्होल्ट डीसी. इंजिन रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनासारखं रंगवलंय, पण दिव्याच्या जागी नुसता प्लास्टिकचा ठिपका आहे. तिथं उजेड पाहिजे. अट एकच, गाडी फलाटाला उभी असतानाही दिवा पेटलेला दिसावा. पाचशेच्या आत बसवा. सोल्डरिंग मुलगी करणार आहे, आठवीत आहे, हात स्थिर आहे तिचा.

खानापूरकर_काका:
बजेट विसरा आणि डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोल घ्या. मी घेतलंय, समाधानी आहे. रुळात कायम वीज असते, त्यामुळं गाडी उभी असली तरी दिवा चालू. इंजिनात बसणाऱ्या डिकोडरची (कंट्रोलरचे हुकूम ओळखणारी चकती) निळी तार म्हणजे सामायिक प्लस, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची. एलईडीचा प्लस निळ्याला, मायनस पांढऱ्याला, मध्ये रेझिस्टन्स. डिकोडरला अडीच-तीन हजार, कंट्रोलर वेगळा. एकदाच खर्च होतो की.

निपाणी_नाका:
काका, पोराच्या खेळण्यासाठी एवढं? गव्हाच्या दाण्याएवढा १२ व्होल्टचा बल्ब मिळतो, दोन तारा चाकातून वीज घेणाऱ्या पट्ट्यांना जोडल्या की झालं. रेझिस्टन्स नको, प्लस-मायनसची भानगड नको. उजेड पिवळसर, जुन्या इंजिनासारखा. एलईडीचा पांढरा उजेड म्हणजे मोबाईलची बॅटरी, बघवत नाही.

गोकाक_रोड:
बल्ब घालू नका! माझ्या भाच्याच्या इंजिनात असाच बल्ब होता. अर्धा तास गाडी फिरली आणि नाकाचं प्लास्टिक मऊ पडून दिव्याची चौकट तिरकी झाली. विकणारा म्हणतो, जास्त वेळ चालवू नका. गाडी घेतली कशाला मग?
३ मिमीचा वॉर्म व्हाइट एलईडी घ्या, त्याचा रंग पिवळसरच असतो. हिशोब सोपा आहे. १२ व्होल्टातले ३ एलईडी घेतो, उरले ९. एक किलोओहमला ९ मिलिअँपिअर जातात, भरपूर झालं. पाव वॉटचा रेझिस्टन्स पुरतो. एक गोष्ट विसरू नका. गाडी उलटी नेली की एलईडीवर उलटे १२ व्होल्ट येतात आणि तो साधारण ५ पर्यंतच सोसतो. म्हणून त्याला समांतर, उलट्या दिशेनं एक १एन४१४८ डायोड लावा. रुपया-दोन रुपयांची वस्तू.

मीटरगेजवाला:
लोक एकच दिवा का लावतात कळत नाही. डब्ल्यूडीएम-२ दोन्ही दिशांना चालतं, दोन्ही टोकांना हेडलाइट असतो. शिवाय वर पिवळा फ्लॅशर. गाडी अडकली की शेजारच्या रुळावरून येणाऱ्याला इशारा द्यायला तो लावतात. फ्लॅशर नसेल तर लोंडा करू नका, नुसतं इंजिन म्हणा.

निपाणी_नाका:
वॉर्म व्हाइट मीही पाहिलाय. तो पिवळा नाही, गुलाबीकडे झुकतो.

गोकाक_रोड:
ते तुम्ही घेतलेल्या पाकिटाचं असेल हो.

दुसरं_गेट_टिळकवाडी:
एक किलोओहम बरोबर आहे, मीही तोच वापरतो. त्याआधी छोटा ब्रिज रेक्टिफायर लावा, मग गाडी कुठल्याही दिशेला जाऊ दे, दिवा पेटतो, वेगळा डायोड नको. पुढं ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावला की रुळाच्या सांध्यावरची फडफड थांबते. आणि इंजिनाच्या टपाला (वरच्या प्लास्टिकच्या कवचाला) आतून काळा रंग द्या. नाहीतर दिव्याबरोबर सगळं नाक कंदिलासारखं उजळतं, हे कुणी सांगत नाही. रूळ पॉलिश पेपरनं घासून घ्या.

खानापूरकर_काका:
पॉलिश पेपर अजिबात नको! ओरखडे पडतात, त्यात काजळी बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. डीसीसीला रूळ स्वच्छ लागतातच, म्हणून मला माहीत.

दुसरं_गेट_टिळकवाडी:
माझे रूळ आजही चकचकीत आहेत.

गोकाक_रोड:
शहापूरकर, तुमची अट आत्ता नीट वाचली. साध्या डीसीत गाडी थांबली म्हणजे रुळात शून्य व्होल्ट. मग ब्रिज लावा की बल्ब, दिवा जाणारच. तो ४७० चा कपॅसिटर सेकंदभर धरेल. उभ्या गाडीला उजेड हवा तर एक डीसीसी, नाहीतर वेगळा सेल. सेल मी सुचवणार नाही, तो भलत्या वेळी संपतो.

निपाणी_नाका:
सेल तर नकोच. पंचवीस रुपयांच्या खेळण्यातली पद्धत ती.

मीटरगेजवाला:
सेल नको. आणि फ्लॅशरचं काय?

शहापूर_बेळगाव:
सगळ्यांचे आभार. आम्ही सेलच लावतोय.
आरतीला माणसं येतात तेव्हा गाडी फलाटाला उभी असते, तेव्हाच सगळे वाकून बघतात. त्या वेळी इंजिन आंधळं दिसलं तर आराशीला अर्थ नाही. इंजिनाच्या पोटात मोटर आहे, जागा नाही. म्हणून मागच्या पहिल्या डब्यात दोन सीआर २०३२ एकापुढे एक, म्हणजे ६ व्होल्ट, सोबत एक किलोओहम आणि छोटा स्विच. तिथून दोन तारा कपलिंगखालून पुढे. ३ मिलिअँपिअरच जातात. अकरा दिवस, रोज संध्याकाळी तीन-चार तास, एवढ्याला ते सेल पुरतात. संपलेच तर डब्याचं छप्पर काढून बदलू. गोकाककरांचा वॉर्म व्हाइट आणि टिळकवाडीकरांचा आतला काळा रंग, दोन्ही घेतलंय. डबा आणि इंजिन आता कायमचे जोडीदार, त्याची आम्हाला अडचण नाही.
मुलीचा एक प्रश्न: तारा कुठल्या घ्यायच्या? वळणावर ताठ राहून डबा रुळावरून उतरायला नको.

खानापूरकर_काका:
पुढच्या वर्षी डीसीसी घ्याल, बघा.

गोकाक_रोड:
एनॅमलची केसासारखी बारीक तार घ्या, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे तुकडा मिळेल. टोक सोल्डरच्या गरम थेंबात धरून ठेवलं की लेप जळतो, खरवडायला लागत नाही. काही तारांचा लेप जळत नाही, ती बारीक पेपरनं पुसा. जोडण्याआधी मल्टिमीटरनं तपासायला सांगा तिला. कपलिंगखाली तार थोडी सैल, इंग्रजी यू सारखी सोडा, आणि सगळ्यात अवघड वळणावर डबा हातानं ढकलून बघा.

मीटरगेजवाला:
तेवढ्याच तारांत फ्लॅशर पण बसेल.